आबांनी वाचलेला तक्ता

पत्ते खेळून मी पोट भरतो, हे दौंडात कुणाला सांगायची सोय नाही. पोकर म्हटलं की समोरचा विचारतो, म्हणजे तीन पत्तीच ना? नाही म्हणायचाही आता कंटाळा येतो. गोव्यातल्या टेबलांवर मी पानांपेक्षा माणसंच जास्त बघतो. कोण एकदम गप्प झालं, कोण उगाच बोलायला लागलं, यातच माझा सगळा धंदा. ही खोड मला वडिलांमुळे लागली. लहानपणी आबा आमच्याबरोबर मेंढीकोट खेळायचे. हातात हुकूम नसला की ते विचार न करता फटकन पान टाकत, म्हणजे आपला हात भारी वाटावा. मला ते तेव्हाही कळायचं आणि भारी मजा वाटायची.

पुढे मी पत्त्यांवरच जगायला लागलो, तेव्हा आबांनी सांगून टाकलं की नशिबाचा पैसा या घरात नको. ते कुरकुंभच्या एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, शिफ्टच्या माणसांना आणायचं नि पोचवायचं काम. घरात नको तर नको, म्हणून जिंकलेल्यातून मी डोळ्यांची शिबिरं घ्यायला लागलो. तपासणी, चष्मा, ऑपरेशन, सगळं फुकट. तिथंही माझा उद्योग तोच, रांगेकडे बघत बसणं.

कुरकुंभच्या शिबिरात कंपनीनं आपले ड्रायव्हर पाठवले होते. नजर अधू निघाली तर गाडी हातातून जाणार, म्हणून जो तो धास्तावलेला. मागं उभे असलेले कान देऊन पुढचा भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायचा ते ऐकत होते, ओठ हलवत पाठ करत होते. मला हसू आवरेना. मग आबांचा नंबर आला आणि त्यांनी तक्त्याची शेवटची बारीक ओळ घडाघडा म्हणून दाखवली. डॉक्टर खूश झाले. माझं हसू मात्र गेलं.

मी गप्प बसलो असतो तर चारचौघांत त्यांची अब्रू राहिली असती. पण संध्याकाळी त्या बसमध्ये बसभर माणसं बसणार होती. मी डॉक्टरांच्या कानाला लागलो. त्यांनी दुसरा तक्ता लावला. आबा नुसतेच भिंतीकडे बघत राहिले, आणि मला फार वाईट वाटलं.

बाहेर टपरीवर चहा घेतला. मोतीबिंदू आहे, काढला की पुन्हा गाडी चालवता येईल, असं मी परत परत सांगत होतो. त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. चेहऱ्यावर रागही नव्हता, होतं ते कुतूहल.

"तुला कवा कळलं?"

"तुम्ही लई पटकन वाचलं, तवा. मेंढीकोटात हुकूम नसला की असंच करायचा तुम्ही."

त्यांनी उरलेला चहा संपवला. खिशातून बसची किल्ली काढली, माझ्या हातात दिली आणि सुपरवायझरकडे पोचवायला सांगितली.

"आन् मला वाटायचं," ते म्हणाले, "तुझं समदं नशिबावर चालतंय."