कवटीच्या टाळूवरचं तेल

भुताखेताचं कुणी सांगायला लागलं की मी आधी विचारते — झोप किती झाली होती, ताप होता का, काही घेतलं होतं का. बहुतेकांची गोष्ट तिथेच आटपते. मी लहान मुलांची डॉक्टर आहे, देवालासुद्धा सवयीने हात जोडते. तरी हे लिहितेय, कारण या तीन प्रश्नांची माझी उत्तरं 'व्यवस्थित', 'नव्हता' आणि 'चहा' अशी आहेत.

चौऱ्याऐंशी साल. मुलुंड पूर्वेला पहिल्या मजल्यावर आमची दीड खोली. बाबा विक्रोळीला कंपनीत, आई घरी ब्लाउज शिवायची आणि मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला. तेव्हा अभ्यासाला खरी हाडं लागायची. एका सीनियर मुलीकडून जुना बोन सेट आणला होता. कवटी घरात आली म्हणून बाबांनी दोन दिवस अबोला धरला. आई मात्र मालवणची, तिचं सगळं सरळ. म्हणाली, "कोणाचो तरी झीलच ना तो. रवांदे." झील म्हणजे मुलगा.

दुपारी ती मशीनवर बसायची आणि मी समोर जमिनीवर, कवटी मांडीत घेऊन मोठ्याने पाठ करत. कपाळाचं फ्रॉन्टल, बाजूची दोन परायटल, मागचं ऑक्सिपिटल — त्याच्या भोकातून मज्जारज्जू खाली उतरतो. हलणारं हाड एकच, खालचा जबडा. आई हाडांच्या नागमोडी जोडावर बोट फिरवून म्हणाली, "ही तर शिवण गो. बरी घातल्यान." पुस्तकातही तिला शिवणच म्हणतात हे कळल्यावर स्वारी दिवसभर खूश होती.

मग एका दुपारी तिने विचारलं, "ह्येची टाळू खंय?"

मी कवटी उलटी करून वरच्या दातांमागचं छप्पर दाखवलं.

"ती न्हय. बाळाची असता ती."

मी कवटी सुलटी केली. फ्रॉन्टल आणि दोन परायटल मिळतात तिथे बोट ठेवलं आणि तोंडी परीक्षेत बोलावं तशी सुरू झाले. बाळाची हाडं जुळलेली नसतात, म्हणून जन्मताना डोकं दबून निघतं, पुढे मेंदूला वाढायला जागा मिळते. दीड वर्षापर्यंत टाळू भरते. जुलाबात अंगातलं पाणी गेलं की ती खोल जाते, अशा वेळी मीठ-साखरेचं पाणी पाजत राहिलं तर बाळ वाचतं...

मशीन थांबलं होतं.

माझा पाठचा भाऊ, बाबू, नऊ महिन्यांचा असताना जुलाबांनी गेला. मी तेव्हा सात वर्षांची. टाळू खोल गेली म्हणून आई दोन दिवस तिच्यावर खोबरेल भरत होती, कारण टाळू भरली की पोर उठतं असं सगळ्या बायका सांगायच्या. आणि जुलाब वाढू नयेत म्हणून पाणी बंद. हे सगळं मला माहीत होतं, तरी माझी जीभ चालूच राहिली.

"पाणी?" आई एवढंच म्हणाली. मग तिने पुन्हा मशीन सुरू केलं.

पुढच्या आठवड्यापासून कॉलेजातून आले की कवटीच्या नेमक्या त्या जागी खोबरेल असायचं. मला वाटलं, आईच. काय बोलणार होते मी? पण परीक्षा जवळ आली, हाड हातातून निसटायला लागलं आणि मी चिडले. "तेल कशाला लावतेस गं त्याला?"

"मी नाय लावलंय. माका वाटला, तूच लावतस."

ती खोटं बोलतेय असं मी धरून चालले. मग ती मामाकडे गावी गेली, नऊ दिवस. मी कवटी ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली. नऊही दिवस तेल होतं.

ती परत आली त्या रविवारी, जेवणं झाल्यावर, तिने कवटी मागून घेतली. मांडीवर ठेवली, टाळूवर तळवा टेकवला आणि तशीच बसली.

"उडता हा गो," ती म्हणाली. "हात लाव."

मी लावला. मोठ्या माणसाची कवटी, जुळून दगड झालेली... आणि बोटाखाली ठोके. कधीकधी आपल्याच बोटाची नाडी लागते, हे मला शिकवलेलं होतं. म्हणून घड्याळ समोर ठेवून आधी माझी नाडी मोजली, मग ती. माझे ठोके अठ्ठ्याऐंशी. ते एकशे तीस. तान्ह्या बाळाचे असतात तेवढे.

आई उठली. वाटीत पाणी घेतलं, चिमूटभर मीठ, थोडी साखर. बोट बुडवून ती त्या दातांवर टेकवत राहिली. "घे बाबू, घे रे," म्हणत होती. मी तिला अडवलं नाही, मलाच रडू आवरत नव्हतं. वाटी संपता संपता ठोके लागेनासे झाले. सेट ज्युनियरला देईपर्यंत, पुढचे दोन महिने, तेल पुन्हा आलं नाही.

आई शेवटपर्यंत म्हणायची, "माझ्या हातून गेलो तो." मी गप्प बसायचे. त्या दोन दिवसांत आई चुलीपाशी गेली की बाबूजवळ मी असायचे. अंग पुसायचा ओला फडका त्याच्या हाताला लागला होता आणि तो त्याचं टोक चोखत होता. पाणी द्यायचं नाही, असं आईने बजावलं होतं. मी शहाणी मुलगी होते. मी तो त्याच्या तोंडातून काढून घेतला.