काठोकाठ बशी

वाघमारे सर औषध लिहिण्याआधी पेशंटला चहा पाजायचे. तोही बशीत, काठोकाठ भरून! नांदेडच्या सरकारी दवाखान्यात, मनोरुग्णांच्या वॉर्डात, मी औशाहून आलेली नवी सिस्टर. मला वाटलं, या माणसाला कामापेक्षा चहाच प्यारा. नंतर कळलं, सरांचं लक्ष चहाकडं नसतंच, पेशंटच्या हाताकडं असतं. स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या जास्त झाल्या की हात कापतात, बशी हिंदकळते. "तोंडानं माणूस बरं हाय म्हणतो, सिस्टर. खरं काय ते बशी सांगती," असं म्हणून सर हसायचे. मूळचे नायगावचे, एवढे शिकले, पण बोली काही सोडली नाही.

एकदा तुरुंगातून हदगावच्या दिगंबरला आणलं. भाऊ तुझ्या जेवणात विष घालतो, असं त्याच्या कानात सारखं कुणीतरी सांगायचं. त्या भरात त्यानं भावाचं डोकं फोडलं होतं. आता जबर डोसमुळं तो नुसता ठोंब्यासारखा बसायचा. तोंडातून लाळ, आणि बशीतला अर्धा चहा मांडीवर. थोड्याच दिवसांत त्याला कोर्टात उभं राहायचं होतं. स्वतःची बाजू सांगता आली नाही, तर केस तशीच लोंबकळणार आणि हा आत सडणार.

सरांनी डोस कमी करायला घेतला, तसे त्याच्यासोबत आलेले पोलीस जमादार चिडले. "साहेब, कशाला ह्यो खटाटोप? गप हाय ते बरंय की!"

"गप बसला म्हंजे बरा झाला का, जमादार? घरी बायको गप बसली की तुम्हाला बरं वाटतं का भ्या वाटतं?"

जमादारांसकट सगळा वॉर्ड हसला. मी नाही हसले. बाई गं, हा परत भडकला तर? माझा जीव टांगणीला! सर रोज येऊन विचारायचे, "कानात कुणी बोलतंय का रे?" आणि गोळी बेताबेतानं उतरवायचे. एके सकाळी दिगंबरनं बशी उचलली, फुर्र करून चहा ओढला आणि म्हणाला, "साखर कमी हाय." पहिल्या पगारालाही मला इतका आनंद झाला नव्हता.

कोर्टात तो स्वतः बोलला. "मारलं म्या. तवा ते खरं वाटत होतं, आता न्हाई वाटत." भाऊ ढसाढसा रडला. पुढं कोर्टाच्या परवानगीनं तडजोड झाली आणि दिगंबर गोळ्या घेऊन भावाबरोबर घरी गेला.

सर निवृत्त झाले त्या दिवशी दोघे भाऊ हदगावहून मुद्दाम आले. दिगंबरनं स्वतः बशी भरली, काठोकाठ, आणि थेंबही न सांडता सरांपुढं धरली. सरांनी ती घेतली मात्र, हात असे थरथरले की सगळा चहा सदऱ्यावर!

दिगंबर गंभीर चेहऱ्यानं माझ्याकडं वळला. "सिस्टर, सरांचा डोस लई झालाय. कमी करा."