चुलीत गेलेल्या चार खाचा

उपग्रहाला तारीख कळत नाही, हे मी मायला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "त्यात काय मोठं? मला बी कळत न्हाई."

माझं काम हे असं. वर फिरणाऱ्या उपग्रहात एक घड्याळ असतं, पण त्याला ना वार, ना महिना. ते नुसतं मोजतं. सुरू केलं तेव्हा शून्य, मग एक, दोन, तीन करत कोट्यवधी. उपग्रहानं फोटो काढला की सोबत तेवढा आकडा खाली येतो. त्या आकड्याची माणसाला वाचता येईल अशी तारीख-वेळ करायची, एवढाच माझा प्रोग्राम. कंपनी पुण्यात आणि मी शिरूर कासारला घरी बसून. गल्लीत कुणी विचारलं तर माय सांगते, "घड्याळं दुरुस्त करती." मी वाद घालणं सोडून दिलंय.

आकड्याची तारीख करायला एक पक्की खूण लागते. अमुक आकडा पडला तेव्हा इथं जमिनीवर किती वाजले होते, हे एकदा कळलं की तिथून पुढं मोजत जायचं. आणि मधेच घड्याळ बंद पडून पुन्हा शून्यापासून सुरू झालेलं नाही ना, हे आधी बघायचं. नाहीतर सगळंच मुसळ केरात. नव्याने आलेल्यांना हा पहिला धडा मीच देते, तोही जरा तोऱ्यात.

आता दादांचं सांगते. बापाला आम्ही दादा म्हणायचो. मी अकरा वर्षांची असताना दादा उसाच्या फडात गेले, तिकडं कोल्हापूरकडं. गाडी भरून रवाना केली, पाणी मागितलं आणि तांब्या हातात यायच्या आत आडवे झाले. टोळीतल्या लोकांनी तिकडंच अग्नी दिला. माय त्याच टोळीत होती, पण ती परत आली नाही. हंगाम अर्धा टाकून येता येत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी शाळेच्या हंगामी वसतिगृहात होते. मला कुणीच कळवलं नाही. कारखाना बंद होऊन माणसं गावी आली, तेव्हा सांगितलं. दोन महिने मी बाप असलेल्या पोरीसारखी हिंडत होते.

त्यामुळं दादा नक्की कोणत्या दिवशी गेले, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मृत्यूच्या दाखल्यावर नंतर कुणीतरी मनानंच तारीख टाकली, जशी शाळेत आम्हा सगळ्या पोरांची जन्मतारीख एक जून टाकली तशी. मायला विचारलं तर म्हणायची, "थंडी व्हती." आता भाद्रपदात म्हाळ घालायचा, पितरांना जेवू घालायचं, तर ज्याच्या त्याच्या तिथीला. तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्येला, सगळ्यांच्या घोळक्यात. मायला तेच खुपायचं. "लोकांच्या पंगतीत बसल्यावानी जेवत्यात तुझे दादा. त्यांचा त्यांचा एक दिवस न्हाई मला देता आला." दर वर्षी हेच, आणि दर वर्षी पदर डोळ्याला.

मला दुसरंच खुपायचं. ते मी कुणाला बोलले नव्हते. सव्वीस जानेवारीला शाळेत माझं भाषण होतं. दादांनी जाताना कबूल केलं होतं, "येतो, पुढं बसून ऐकतो." नाही आले. संध्याकाळी वसतिगृहातल्या बाईंच्या मोबाईलवर मुकादमाच्या नंबरावरून फोन आला. बाईंनी हाक मारली, "ये गं, घरून फोन आहे." मी खोलीतून ओरडले, "सांगा, न्हाई यायचं मला!" पलीकडं कोण होतं, मी विचारलंच नाही. पुढं सगळं कळल्यावर विचारायची छाती झाली नाही. दादा असले तर?

दोन वर्षांपूर्वी, पितृपंधरवडा तोंडावर असताना, माय पुन्हा तेच बोलायला लागली आणि मी चिडले. म्हटलं, "सारा दिवस मी आभाळातल्या घड्याळाच्या तारखा काढते, आपल्या घरातली एक तारीख काढता येऊ नये का?"

मोजणी होतीच. दादांना सवय होती, गाडीची एक खेप भरून गेली की कोयत्याच्या लाकडी मुठीवर खिळ्यानं एक खाच पाडायची. खेप दिवसाआड. ते गेले त्या दिवशीचीही खाच पाडून झाली होती. तो कोयता मायनं अजून भिंतीला टांगून ठेवलाय. मी काढून मोजल्या. सव्वीस खाचा.

खूणही सापडली. शेजारची काकी त्याच टोळीत होती आणि तिची पोरगी त्याच हंगामात तिकडच्या सरकारी दवाखान्यात झाली. तिचा जन्मदाखला खरा. आख्ख्या आळीत खरी जन्मतारीख असलेली तेवढी एकच. मायला पक्कं आठवत होतं, "एकोणिसाव्या खेपेला झाली ती." सव्वीसातून एकोणीस गेले सात. सात खेपा म्हणजे चौदा दिवस. जन्मदाखल्यावरच्या तारखेत चौदा मिळवले, जुनं पंचांग बघितलं. पौष वद्य षष्ठी. पाच मिनिटांचं काम.

आणि ती तारीख सव्वीस जानेवारीच्या चार दिवस आधीची होती.

म्हणजे फोन दादांचा नव्हता. माय असेल, टोळीतलं कुणी असेल, पण दादा नव्हते. मी न्हाणीत जाऊन नळ सोडून रडले. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. मी त्या आकड्याकडं पुन्हा वळूनही पाहिलं नाही. कशाला बघेन? हवं तेच उत्तर आलं होतं.

दोन वर्षं आम्ही षष्ठीला म्हाळ घातला. खीर, कढी, भजी, गवारीची भाजी, आणि दादांना आवडायची म्हणून गुळवणी. माय नवं लुगडं नेसायची. कावळाही आला, जेवून गेला. कावळ्याला काय, कुणीही वाढो.

यंदा श्रावणात आमच्या उपग्रहाचं घड्याळ अडकलं आणि शून्यापासून पुन्हा सुरू झालं. माझ्या प्रोग्रामनं आजच्या फोटोवर जुनीच तारीख छापली. सोबतचा एक जण फोनवर हसला, "मॅडम, पहिला धडा विसरलात काय?" दुरुस्ती केली, लॅपटॉप मिटला. समोर भिंतीवर कोयता. जवळ जाऊन पाहिला. कोयत्याचं पातं काळं, झिजून अर्धं झालेलं. मूठ मात्र त्या मानानं नवी.

तशीच उठून काकीकडं गेले. काकी लसूण सोलत होती. विचारलं, "काकी, दादांच्या कोयत्याची मूठ त्या हंगामात बदलली होती का गं?"

"व्हय की. चवथ्या खेपेलाच तडकली पहिली. नवी बसवली त्यांनी. कावून गं?"

"मग जुनी मूठ?"

"चुलीत. थंडी काय कमी व्हती?"

चार खेपा चुलीत गेल्या होत्या. पाचव्यापासून मोजणी नव्या मुठीवर, पुन्हा एकपासून. मुठीवरचे सव्वीस म्हणजे हंगामाचे तीस. मायचे एकोणीस मात्र टोळीत तोंडानं मोजलेले, पहिल्या खेपेपासूनचे. दोन वेगळ्या मोजण्या मी एकमेकींतून वजा केल्या होत्या. पोरगी झाल्यावर सात नाही, अकरा खेपा. चौदा नाही, बावीस दिवस. घरी येऊन पंचांग उघडलं. पौष अमावास्या. सव्वीस जानेवारीनंतर चार दिवसांनी.

मायला सांगायचंच नाही, असं दोन दिवस मनात घोळवलं. पण दादांचं ताट पुन्हा चुकीच्या दिवशी वाढायला हात धजेना. सांगितलं. ती शेंगा फोडत होती. आधी तर तिच्यावरच खेकसले, "मूठ बदललेली तुला माहीत नव्हती का?"

"ठाव व्हती की. पण तू येवढ्या झटक्यात सांगितलंस, मला वाटलं तुझ्या मशिनीला कळलं आसंल." मग म्हणाली, "आमुश्या? म्हंजी सर्वपित्रीलाच येतंय की मग. मी इतकी वर्सं बरूबरच करत व्हते."

"हो माय. तूच बरोबर होतीस."

ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. मग म्हणाली, "आठ दिस जास्ती जगले म्हन की. तू आधीच मारलं व्हतंस त्येंला." आणि हसली. तिला खरंच बरं वाटलं होतं, आठ दिवसांचं. मला हसू येईना.

तेव्हा मग विचारलं. इतक्या वर्षांनी. "माय, सव्वीस जानेवारीला बाईंच्या मोबाईलवर फोन कुणी केलता?"

"त्यांनीच. सकाळधरनं मुकादमाच्या मागं लागलते, पोरीचं भाषण हाय, एकदा लावून द्या म्हणून."

"मग?"

"मग काय? बाई म्हणल्या, पोरगी खेळायला गेली. हे म्हणले, खेळू द्या, खेळू द्या. गाडी भरली की परत लावतो."

"लावला का परत?"

माय शेंगांच्या टरफलांवरून हात फिरवत राहिली. "पुढल्या गाडीला मुकादम कारखान्यावर गेलता. त्याच्या पुढल्या गाडीला त्ये न्हवते."

बाई माझ्यासाठी खोटं बोलल्या होत्या, आणि दादांनी ते खुशीनं खरं मानलं होतं. मी खोलीत होते. रुसून, भिंतीकडं तोंड करून. मायला हे सांगितलं, सगळं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "अकरा वर्सांची व्हतीस गं माय."

सर्वपित्रीला यंदा सगळ्यांच्या पंगतीत दादांचं पान वाढलं. गुळवणी मी केली, जरा करपली. ताट वर ठेवून आल्यावर भिंतीवरचा कोयता काढला आणि पुसला. दिवसाआड एक खेप, म्हणजे शेवटची खाच अमावास्येची, तिच्या आधीची मुकादम नव्हता त्या दिवसाची, आणि शेवटून तिसरी सव्वीस जानेवारीची. तिच्यावर बोट ठेवून पाहिलं. बाकीच्यांसारखीच आहे.