परराष्ट्रमंत्र्याच्या तळघरातल्या घंटा

माझा राग त्या गाइडबाईवर आहे, पण त्याहून जास्त माझ्यावरच आहे, हे आधीच सांगून टाकते.

बाबा नागपूरहून आले होते. त्यांना काहीतरी ऐतिहासिक दाखवू या म्हणून माझ्या गोऱ्या मॅनेजरबाईनेच हौसेने बेत आखला. जर्सी सिटीहून चार तास गाडीने आम्ही तिघं ते घर बघायला गेलो. दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री असलेल्या माणसाचं घर. बाबा कलेक्टर ऑफिसातून रिटायर झालेत, असं मी मॅनेजरला सांगितलं होतं. शिपाई म्हणून, एवढं गाळलं होतं.

गाइडबाई तासभर मंत्र्याची आरती ओवाळत होती. त्याने केलेले तह, त्याच्याकडे जेवून गेलेले राजदूत. शेवटी तळघरातलं स्वयंपाकघर आलं. भिंतीवर ओळीने सात घंटा टांगलेल्या होत्या. प्रत्येक खोलीची वेगळी. "वरून कोणी बोलावलं ते स्टाफला आवाजावरून कळायचं," ती हसत म्हणाली. स्टाफ! विकत घेतलेले गुलाम होते ते. बाईच्या जिभेला काही हाड?

बाबा मान वर करून घंटांकडे बघत होते. "विचार ना बेटा तिला, यांची नावं काय होती?"

"बाबा, प्लीज. टूर चालू आहे."

"साहेबाचं नाव तर फाटकापासून ऐकून राहिलो. इथं कोण उभं राहत होतं, ते विचार. बत्तीस वर्षं मीही घंटी ऐकली ना."

हेच बोलणं मला नको होतं. तेवढ्यात गाइडबाईने विचारलं, तुमच्या वडिलांना काय हवंय?

"रेस्टरूम कुठे आहे, विचारतायत," मी म्हणाले.

इंग्रजी बाबांना तेवढं कळतं. त्यांनी एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि निमूट तिच्यामागून गेले. मला चारचौघांत झापायला हवं होतं त्यांनी! नाही झापलं. साहेबाने मारलेली थाप खाली पडू द्यायची नाही, ही नोकरीतली सवय. दोन मिनिटं बाथरूममध्ये थांबून ते बाहेर आले. हात कोरडेच होते.

"ऑल गुड?" मॅनेजरने विचारलं.

"येस मॅडम," बाबा म्हणाले, आणि आम्ही दोघी पुढे निघेपर्यंत दाराशी बाजूला उभे राहिले.