विहिरीपल्याड उमटलेली चाकोरी

ह्या ग्रुपवर तुम्ही लोक चकवा, हडळ असलं काय काय लिहिता... मी वाचते आणि हसते. अंगात आलेल्या बाईला "काम चुकवायला आलंय" असं तोंडावर म्हणणारी बाई मी. त्यामुळं हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण झालं ते भर दुपारी झालं, आणि दोन माणसांनी डोळ्यानं बघितलं.

पाटोदा तालुका. मेन रोडपासून आत, तलावाच्या अंगाला आमची वस्ती. चारा छावण्या पडल्या होत्या, ते साल. नवरा ऊसतोडीला गेलेला, घरी मी, सासूबाई आणि दोन म्हशी. पीक करपलं, राहिलं ते दूध. आणि नेमका दूध सोसायटीनं टेम्पो बंद केला — एवढ्याशा दुधासाठी आत यायला परवडत नाही म्हणे. वस्तीतल्या सगळ्या बायांचं दूध घरात नासायला लागलं, म्हशी विकायच्या गोष्टी सुरू झाल्या.

मी चेअरमनकडं गेले. म्हणलं, सगळ्यांचं दूध मी आणते मोटारसायकलवर.

"वहिनी, भरल्या कॅनची गाडी गड्याला आवरत न्हाई," ते म्हणाले. "बरं, पुढल्या सोमवारी आणून दावा. न्हाई जमलं तर परत इषय काढायचा न्हाई."

मला असं कुणी म्हणलं की झालंच... डोकं फिरतं माझं.

गाडी घेतली पाटोद्याच्या रहीमचाचांकडून. त्यांचं गॅरेज आहे. जुनी, गिअरची, टाकीला पोचा आलेली गाडी. शिकवायलाही तेच यायचे. रस्त्यावर शिकायचं तर अख्खं गाव बघायला, म्हणून आटलेल्या तलावात शिकले. साडीवर नवऱ्याचा शर्ट, पदर खोचलेला. पडले, गुडघे फुटले, परत बसले. "कासरा सोडल्यावानी क्लच सोडू नको, बेटी," चाचा कपाळाला हात लावून म्हणायचे. रिकाम्या कॅननं जमायला लागलं, पण भरलेल्याचं काय? पाणी भरून बघावं तर टँकरखाली घागरींची मारामारी. मग दोन्ही कॅनमध्ये तलावातलाच गाळ भरला.

रविवारची दुपार. चाचा आणि सासूबाई बांधावर उभे. दुसऱ्या गिअरला वळायला गेले तर वजनानं हँडल वळेना. घाबरून ब्रेक दाबायच्या ऐवजी रेस दिली, आणि गाडी सरळ तलावाच्या मध्यावर निघाली. मागं सासूबाई ओरडत होत्या. मला वाटलं, कौतुकानं ओरडताहेत.

आता हे नीट वाचा. मला उडी जाणवली नाही, खड्डा जाणवला नाही. फक्त... भेगाळल्या जमिनीवर सारखी खडखडणारी गाडी एकदम गुळगुळीत चालायला लागली. कॅनच्या कड्यांचा आवाज बंद. इंजिनाचा पण. मग परत खडखड सुरू झाली, ब्रेक सापडला, पाय टेकून मी मागं बघितलं.

मागं विहीर होती. तलाव व्हायच्या आधीच्या मळ्यातली. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिथं पाणीच, आणि शिकताना मी कडेकडेनंच फिरलेले, मला काय माहीत? काठ जमिनीबरोबर झालेला, लांबून दिसायचा नाही. तोंड एवढं, की बैलगाडी बैलांसकट आत जाईल. आणि धुळीत माझ्या चाकांची चाकोरी — अलीकडच्या काठापर्यंत सरळ, पलीकडच्या काठापासून परत सरळ. मध्ये विहीर.

चाचा धापा टाकत आले. काठाची माती चाचपून म्हणाले, "उडाली असती तर हितं माती दबली असती. अन् एवढ्या स्पीडला गाडी उडतच न्हाई." सासूबाई तिथंच खाली बसल्या. "गाडी चालतच गेली गं," म्हणाल्या. "खाली काय बी नव्हतं."

संध्याकाळी वस्ती जमली. नारळ फुटला, गाडीला कुंकू लागलं. कुणी म्हणे कुलदेवीनं उचललं, कुणी म्हणे नवऱ्याची पुण्याई. तो नवरा तिकडं उसाच्या फडात. त्याचा फोन आला, "आता बास कर." मला असला राग आला म्हणून सांगू. अहो, गाडीवर मी होते ना? भरले कॅन कलंडू दिले नाहीत, गाडी पाडली नाही, हे एकाच्याही तोंडातून निघेना.

वर्षं झाली त्याला. तलाव भरला, विहीर परत पाण्याखाली गेली. चाचांना कारण सापडलं नाही, मलाही नाही. कुणाला सुचलं तर खाली लिहा, देव-भूत सोडून. आमचं दूध मात्र अजून मीच नेते.

सोमवारचं सांगायचं राहिलं. सकाळी कॅन भरले, बाया भोवती उभ्या. पण मला किक मारायचा धीर होईना. बायांचं सगळं दूध माझ्या गाडीला लटकलेलं. तेवढ्यात सासूबाईंनी पदर खोचला आणि जन्मात पहिल्यांदा मोटारसायकलवर बसल्या, माझ्या मागं, दोन कॅनच्या मध्ये अंग चोरून. माझ्या खांद्याला घट्ट धरलं.

"विहिरीवरनं नेलीस," म्हणाल्या, "आता रस्त्यावरनं न्यायला काय हुतंय? चल, दूध नासंल."