हरभऱ्याची चौतीस फुलं

आयुष्यात मी वेडेपणा पुष्कळ केला. लग्नाच्या उखाण्यात नवऱ्याच्या जागी दिराचं नाव घेतलं. पहिल्यांदा बँकेत गेले तेव्हा साहेबांच्याच खुर्चीवर बसून साहेबांची वाट पाहिली. हे सगळं हसण्यावारी गेलं. पण दोन वर्षांमागं, चांगली सदुसष्टची घोडी झालेली असताना, मी जो वेडेपणा केला तो फक्त दोन शब्दांचा होता आणि त्याला कुणी हसलं नाही. कॅनडात शिकायला गेलेल्या नातीनं सकाळच्या पारी फोन करून विचारलं, "आजे, माझ्या हातून चूक झाली. सांगू का नको?" आणि मी चष्मा पुसत, फार टक्केटोणपे खाल्लेल्या बाईच्या थाटात म्हणाले, "गप राहा."

चूक काय होती आणि मी असं काहून म्हणाले, हे सांगायचं तर थोडं मागून यावं लागेल.

नात म्हणजे माझ्या लेकाची लेक. आमचं घर नवीन जालन्यात, बियाण्यांच्या कंपन्यांची ऑफिसं आहेत त्यांच्या मागच्या गल्लीत. पोरगी शेतकीची पदवी घेऊन वर्षभर त्याच ऑफिसांच्या पायऱ्या चढली-उतरली. मग एक दिवस म्हणाली, बियाण्याचं पुढचं शिकायला कॅनडाला जाते.

"अगं, लोक बी न्यायला जालन्याला येऊन राह्यले," मी म्हणाले, "आन् तू जालना सोडून कुठं चालली?"

"जालन्यात बी इकतेत, आजे. मला नवा वाण तयार कसा करतेत ते शिकायचंय."

"ते तर मी बाविसाव्या वर्षीच शिकले. फी बी न्हाई लागली."

ही थाप नव्हती. बावीस वर्षांची असताना मी भोकरदनकडच्या एका गावात कपाशीच्या सीड प्लॉटवर क्रॉसिंगला जात होते. संध्याकाळी मादी झाडाची, उद्या उमलणारी कळी नखानं सोलायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे आणि तिला लाल दोरा अडकवायचा. सकाळी नर झाडाचं फूल आणून त्या दोऱ्याच्या फुलावर घासायचं. दोरा म्हणजे खूण, की हे बोंड संकराचं, बी ह्याचंच काढायचं. बारा बायांची आमची टोळी होती. तिच्यात ती बावीसची मी: अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेलं, पदर असा खोचलेला की जशी अख्खी कपाशी हिच्याच जिवावर उभी आहे. आपली ओळ सगळ्यांच्या आधी संपली पाहिजे, ह्याची तिला फार हौस. तिचे पुढचे प्रताप मी जागेवर आल्यावर सांगेन.

तर पोरगी सप्टेंबरात गेली. तिकडं शिकता शिकता पोरं फावल्या वेळात कुठंतरी काम करतात आणि खर्च भागवतात, हे आम्हाला माहीत होतं. तिथं कामच नाही, हे माहीत नव्हतं. ती रोज एक फाइल काखेत मारून निघायची. किराणा दुकान, पेट्रोल पंप, बर्गरवाला, म्हाताऱ्यांचं घर. प्रत्येक ठिकाणी कागद द्यायचा, हसायचं, निघायचं. एकदा एका गोदामात खोकी भरायला चार माणसं पाहिजेत असं कळलं, तर तिथली रांग इमारतीला वळसा घालून मागच्या रस्त्यावर गेल्ती. तिच्या पुढं उभ्या असलेल्या बाईनं आपल्या देशात कॉलेजात शिकवलेलं होतं.

इकडं गल्लीत शेजारीण रोज विचारायची, "लागली का वो तुमची नात कामाला?"

"कशाची लागते," मी सांगायची. "चार साहेब मागं लागलेत. कोणाला हो म्हणावं, तेच समजून न्हाई राह्यलं तिला."

"मंग इकडं पाठवून द्या त्यातला एखादा साहेब, आमच्या पोराला," शेजारीण म्हणायची. तिला सगळं समजत होतं. मला हेही समजत होतं की तिला समजतं. तरी रोज सकाळी हा कार्यक्रम व्हायचाच.

आमच्या माहेरी माझ्या आजोबांपर्यंत मेंढरं होती. नव्या गावाच्या शिवेवर आलं की कळप मागं थांबवून आजोबा एकटे पुढं जायचे आणि घरोघर विचारायचे, तुमच्या रानात मेंढरं बसवू का. मेंढरं बसली की रानाला खत मिळतं, तरी लोक नाही म्हणायचे. मग पुढचं घर. मी लहानपणी ते पाहिलं होतं, आणि मला तेव्हा आजोबांची लाज वाटायची, की हा माणूस दारोदार काय मागतो. आता नात फोनवर सांगायची, "आज सात ठिकाणी गेल्ते, साती ठिकाणी न्हाई म्हणले," आणि मला दिसायचं, पार दुसऱ्या खंडावर, जिथं थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते म्हणतात, तिथं माझ्या आजोबांच्या पणतूची लेक तशीच एकेक दार वाजवत चालली आहे. लाज कसली, माझ्या अंगावर काटा यायचा.

जानेवारीत एक दार उघडलं. तिच्या विद्यापीठात एक बाई आहेत, हरभऱ्याचे नवे वाण करतात. त्यांना हरितगृहात क्रॉसिंगसाठी एक जण पाहिजे होती. एप्रिलपर्यंत काम पाहणार, पसंत पडलं तर जागा पक्की आणि पुढच्या वर्षाची फी माफ. नाही पडलं तर पोरीनं बॅग भरून जालन्याची वाट धरायची, कारण दुसरं कुठलंच दार उघडलं नव्हतं. सगळा खेळ त्या एका जागेवर येऊन थांबला.

पहिल्या आठवड्यात तिनं मला फोनवरून ते हरितगृह दाखवलं. आमच्याकडं सकाळचे सात, तिच्याकडं आदल्या दिवशीची संध्याकाळ. माझी नात माझ्याशी कालच्या दिवसातून बोलते, ह्याचा माझ्या डोक्यात अजूनही उलगडा झालेला नाही. तिनं आधी फोन काचेकडं धरला. बाहेर अंधार पडलेला, पण रस्त्यावरच्या खांबांखाली सगळं पांढरं. झाड पांढरं, मोटार पांढरी, आभाळ कुठं संपलं ते कळत नव्हतं. मग फोन आत वळवला, आणि आत हरभरा. आपलाच. दिव्यांच्या उजेडात, कुंड्यांच्या ओळीच्या ओळी, मधूनमधून जांभळी फुलं आलेली, प्रत्येक फुलाला बोटाच्या पेराएवढी चिठ्ठी.

आमच्याकडं थंडीत हरभऱ्यावर धोतर पसरून ठेवतात आणि पहाटे त्यात उतरलेलं आंबट दव, म्हणजे आंब, पिळून बाटलीत भरतात, पोटदुखीवर. लहानपणी ते काम माझं असायचं. बोटं बधिर व्हायची आणि आंबीनं चरचरायची. तो हरभरा, आणि बाहेर ते बर्फ, मधी एक काच. माणूस काय काय करतो.

"आजे, लाइन गेली का?"

"हाय मी. पानं चाखून पाह्यली का? आंबट हायेत का?"

"इथं खायला मनाई हाय."

"मंग चाखली का न्हाई?"

"चाखली," ती हळूच म्हणाली. "आंबट हायेत. बराबर आपल्यासारखी."

मग तिनं कळी सोलून दाखवली. हरभऱ्याची कळी म्हणजे तांदळाच्या चार दाण्यांएवढी. तिनं डोळ्याला भिंग लावलं, बारीक चिमटा घेतला आणि आतले दहा पुंकेसर एकेक करून उचलले. मधल्या तंतूला धक्का नाही. मी तिला शिकवायच्या तयारीनं बसले होते, नखाची गोष्ट सांगणार होते. ती तोंडातच राहिली. कपाशीची कळी सोलण्याचा मला जो गर्व होता तो म्हणजे टरबूज कापण्याचा गर्व होता, हे मला त्या दिवशी कळलं.

फेब्रुवारीच्या शेवटी तो फोन आला. एका बाकावरच्या कुंड्या कुणीतरी साफसफाईला सरकवल्या होत्या. तिनं जागा पाहून नर फूल घेतलं, कुंडीवरचा नंबर पाहिला नाही. तीन दिवस ती चुकीच्या कुंडीतलं फूल आणून घासत होती. चौतीस फुलं. चिठ्ठीवर एक बाप, प्रत्यक्षात दुसरा. चौथ्या दिवशी बाकावर पाण्याचे गोल डाग दिसले, कुंड्यांपासून हातभर लांब, तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

"कोणाला कळंल का?" मी विचारलं.

"आत्ता न्हाई कळणार. पुढच्या साली झाडं उगवली तर कळंल. तवर ते बी दुसऱ्या एका पोरीच्या प्रयोगात गेलेलं असंल."

"तुझं नाव येईल का?"

"न्हाई येणार बहुतेक. लई हात लागतेत त्या बाकाला."

"मंग गप राहा. एप्रिल जाऊ दे बिनघोर."

तिनं फोन ठेवला.

हा सल्ला मी कुठून काढला, तर त्या बावीसच्या हुशार बाईकडून. संध्याकाळी ज्या कळ्या आमच्या हातून सुटायच्या त्या सकाळी आपोआप उमललेल्या दिसत. त्यांना स्वतःचाच पराग लागलेला, म्हणून तशी फुलं खुडून फेकायची, असा नियम. पण खुडलं की ओळीत दोरे कमी दिसतात, आणि माझी ओळ तर सगळ्यांत भरलेली दिसायला पाहिजे होती. मी त्या फुलांना दोरे बांधले. रोज थोडे थोडे. मुकादमीण मावशी येऊन सगळ्यांसमोर म्हणायची, "पाहा, पोरीची ओळ कशी लालेलाल," आणि मी खाली पाहून लाजायची. पुढं कंपनीनं ते बी पेरून पाहिलं, तर भेसळ निघाली. अख्खा प्लॉट नापास झाला. मावशी घरोघर विचारत फिरली, "माय, कोणाचा हात चुकला असंल तर सांग, मी काही म्हणत न्हाई." माझ्या दारात आली तेव्हा मला पाचवा महिना. मी पोट पुढं करून म्हणाले, "मावशे, मला बिचारीला काय ठाऊक?" पुढच्या साली त्या टोळीला बोलावणं आलं नाही. मी तर बाळंतपणाला माहेरी होते, तूप-भात खात. गप राहिलं की सगळं निभावतं, हे शास्त्र मी तिथं शिकले आणि पंचेचाळीस वर्षं जपून ठेवलं.

नंतर तीन दिवस पोरीचा फोन नाही. मी लावला तर उचलला नाही, फक्त लिहून पाठवलं, "कामात हाय." मला भाकर गोड लागेना. आधी वाटलं, तिनं सांगितलं असेल आणि हाकललं असेल. मग वाटलं, सांगितलं नसेल, आणि ह्या विचारानं तर मी जास्तच घाबरले, कारण तसं झालं तर ती माझं ऐकून गप राहिलेली असणार. शेजारणीनं विचारलं, "काय म्हणतेत साहेब लोक?" मी पहिल्यांदाच म्हणाले, "एकच जागा हाय बाई, आन् तिचाबी भरोसा न्हाई." दुपारी तिच्या घरून वाटीभर शिरा आला.

चौथ्या दिवशी फोन आला.

"सांगितलं," नात म्हणाली.

"कवा?"

"तू गप राहा म्हणली ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

"भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं की. दारापसून दोनदा मागं आल्ते. तिसऱ्यांदा बाईंनीच दार उघडलं, त्यांना चहा आणायला जायचं होतं."

बाई रागावल्या नाहीत, शाबासकी तर मुळीच दिली नाही. त्यांनी पोरीबरोबर जाऊन ते पाण्याचे डाग पाहिले. मग एवढंच सांगितलं की ती चौतीस फुलं तुझ्या हातानं खुड, झाडांवर जी फुलं उरली असतील त्यांच्यावर पुन्हा क्रॉसिंग कर, बाकीचं एप्रिलात बोलू. तीन दिवस ती तेच करत होती. खुडताना काही फुलांमागं घाटा, म्हणजे शेंग, धरायला लागलेला दिसत होता. तिला रडू आलं, पण भिंगावर पाणी साचलं की दिसत नाही, म्हणून तेही आवरावं लागलं, असं म्हणाली.

मी ऐकत होते. ज्या पोरीला मी अंगणातल्या विंचवाच्या भीतीनं रात्री चप्पल घातल्याशिवाय उतरू देत नव्हते, ती त्या बर्फात, एकटी, जिच्या हातात तिचं सगळं पुढचं होतं त्या बाईसमोर उभी राहून म्हणाली होती, ही माझी चूक. तिला हे कुणी शिकवलं? घरात तर शिकवणारी मीच होते.

दुसऱ्या खेपेला फुलं थोडीच उरली होती. चौतिसाच्या जागी नऊ घाटे धरले. मार्च असाच जीव टांगणीला लावून गेला. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, आमच्याकडं सकाळीच भिंती तापायला लागल्या होत्या, तेव्हा तिचा फोन आला. जागा पक्की झाली. शिवाय बाईंनी सगळ्या बाकांवरचे नंबर रोज तपासायचं कामही तिच्याकडंच दिलं.

मी आधी डोळे पुसले, मग नाक. मग जे लेकाला, सुनेला, मेलेल्या नवऱ्याला कधी सांगितलं नाही ते तिला सांगितलं. बारा जणींची टोळी, लाल दोरे, भरलेली ओळ, दारात आलेली मावशी, पुढं केलेलं पोट, टोळीला पुढच्या साली न आलेलं बोलावणं. पोटाची नक्कल तर उभी राहून करून दाखवली, फोन खिडकीत टेकवून. मला वाटलं, ती खदखदून हसेल, म्हणेल आजे तू पण ना.

ती हसली नाही. तिच्या मागं काचेतून बर्फ वितळल्यानंतरची काळी जमीन दिसत होती. मग ती म्हणाली, "आन् बाकीच्या अकरा जणी पुढच्या साली कामाला कुठं गेल्या मंग, आजे?"