रिव्हेट मारलेली पाटी

कचरू ओव्हाळ जे बसवायचा ते कायमचं. खडकीच्या कारखान्यात जन्मभर फिटर. हललेलं, सुटलेलं त्याला खपत नसे. लेक दीक्षा एम.एस्सी. झाली तेव्हा त्यानं पितळेची पाटी स्वतः कोरली आणि येरवड्यातल्या घराच्या लोखंडी दाराला रिव्हेट मारून ठोकली. ‘दीक्षा कचरू ओव्हाळ, एम.एस्सी.’

बायको राधा म्हणाली होती, "अहो, स्क्रू लावा. लग्न झाल्यावर काढावी लागेल."

"नाव बदलेल. शिक्षण उतरतंय होय?"

उतरलं. तीन वर्षं पोरगी मुलाखती देत हिंडली. कुठं अनुभव नाही म्हणून नको, कुठं शिक्षण जास्त म्हणून नको. शेवटी तिनं एका गोदामात पॅकिंगच्या कामाला अर्ज केला आणि शिक्षण बारावी लिहिलं. घरात बोलली नाही. पत्ता तपासायला त्यांचा माणूस आला, तर कचरूनं त्याला कौतुकानं पाटी दाखवली. वर चहा पाजला.

"पप्पा, माझी नोकरी घालवलीत तुम्ही!"

"खोटं तू लिहिलंस."

"खरं लिहून झालं ना! एम.एस्सी.वाले टिकत नाहीत म्हणे. टिकायला आधी घ्या तरी!"

कचरू भडकला. आधी तिच्यावर, मग कॉलेजांवर. "लग्नात अक्षता वाटाव्यात तशा डिग्र्या वाटतात. आणि काम कोण देणार, ह्यांचा बाप?"

दीक्षानं दुसऱ्या गोदामात अर्ज केला, तिथंही बारावीच लिहिलं. रविवारी त्यांचा माणूस यायचा होता. कचरूनं छिन्नी-हातोडा काढला. रिव्हेट निघेनात. स्वतःच्याच हाताला शिव्या घालत त्यानं एकेकाचं डोकं उडवलं. पाटी वाकून खाली आदळली. राधानं ती उचलली, पदरानं पुसली आणि आत नेली. दाराला चार भोकं राहिली.

माणूस आला. "काका, मुलगी किती शिकलीय?"

‘शिका’ या एका शब्दावर हे घर उभं राहिलं होतं. आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"बारावी."

"पुढं का नाही हो शिकवलीत? पोरींना शिकवावं."

"शिकवली असती, तर घेतली असती तुम्ही?"

"छे!" माणूस हसला. "मग कशाला आलो असतो?"

त्यानं कागदावर बरोबरची खूण केली. दीक्षाला काम लागलं.

चहा कचरूनं विचारला नाही. माणूस पायरी उतरायच्या आत दार आपटलं.